तीन मिली

दांडिया बाजारात मजमुदार डॉक्टरांच्या दवाखान्यात
लाकडी खिडकीपलीकडं बाबा उभे असायचे,
कंपाउंडर मोरेश्वर दिघे,
बाटलीवर कागदाची दातेरी पट्टी चिकटवत.
एका दातापासून दुसऱ्यापर्यंत एक डोस.

शाळा सुटली की मी तिथल्या स्टुलावर.
खलात एरंडेल चार भाग, डिंकाची पूड एक,
पाणी दोन.
"एकदम ओत, चमचा चमचा नको.
आणि हात एकाच दिशेनं. उलटा फिरवलास तर फुटेल."
मी घोटायची, मनगट भरून यायचं,
मग खलाचा आवाजच बदलायचा,
चट् चट्, चट् चट्,
तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा,
आणि बाबा मान न वळवता म्हणायचे, "धरलं."

तेल तेलच राहतं, पाणी पाणीच,
डिंक फक्त मधे उभा असतो
हे पुष्कळ नंतर वाचलं.
तेव्हा धरलं म्हणजे धरलं.

थंडीत कापूर, पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल.
तिन्ही ठणठणीत कोरडी.
थेंब नाही, विस्तव नाही,
एका बाटलीत नुसती शेजारी ठेवायची,
बूच लावून घरी जेवायला जायचं.
येऊन बघावं तर बाटलीत पाणी.
"काय बोलली असतील एकमेकांशी?"
"हुंगून बघ," बाबा म्हणायचे. "विचारायचं काय त्यात."

पण सांगायचं आहे ते स्पिरिटचं.
गुजरातेत त्याचा हिशेब थेंबाथेंबाचा,
लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर, कुलपातली बरणी.
एका मे महिन्यात नशाबंदी खात्याचे पारघीसाहेब आले,
कॉलरखाली रुमाल खोचून
दुपारभर आकडे जुळवत बसले.
पन्नास स्पिरिट, पन्नास पाणी, नोंद सत्त्याण्णव.
पुढच्या पानावर पन्नास, पन्नास, सत्त्याण्णव.
"दिघेभाई, त्रण क्यां गया?"
आणि खिडकीतून वाकून
त्यांनी बाबांच्या तोंडाचा वास घेतला.

मी स्टुलावर होते.

बाबांनी मापाची काचनळी धुतली, पुसली, उजेडात धरली.
पन्नास. साहेबांनाच वाचायला लावलं.
दुसऱ्या नळीत पन्नास. तेही वाचायला लावलं.
मग मोठ्या नळीत दोन्ही ओतलं.
काच कोमट झाली होती,
ती साहेबांच्या हातात दिली.
निवेपर्यंत चहा आला, बशीत ओतून प्यायलो सगळे.
मग रेघ बघितली: सत्त्याण्णव.
साहेब टेबलाखालीसुद्धा डोकावले.

"सांडलं नाही, उडालं नाही," बाबा गुजरातीत म्हणाले,
"एकमेकांच्या फटीत बसलंय. जागा कमी लागते."
साहेबांनी डोकं खाजवलं,
रजिस्टरात शेरा मारला,
त्रण मि.ली. अंदर छे,
आणि खाली सही केली.

आमच्या घरात हिशेब गुजरातीत, राग मराठीत,
भाजीवाल्याशी कुठल्या भाषेत
ते भाजीवाल्यालाही सांगता आलं नसतं.
त्या रात्री ताटावर दोन्ही चालू होत्या,
नळी, चहा, टेबलाखालचे साहेब.
आई पदर तोंडाला लावून हसली.
वासाचं बाबांनी सांगितलं नाही.
मीही नाही.
झोपायच्या आधी
आयुष्यात थेंब न घेतलेल्या माणसानं
मोरीत जाऊन दोनदा चूळ भरली.

दुसऱ्या दिवशी माझं एरंडेल फुटलं.
वर तेल, खाली गढूळ पाणी.
हात उलटा फिरला असेल, आठवत नाही.
बाबा ओरडले नाहीत.
दुसरा खल घेतला, नवा डिंक, जरासं पाणी,
आणि फुटलेलंच थेंब थेंब त्यात सोडत
घोटत राहिले.
बाहेर कुणीतरी रिकामी बाटली खिडकीवर आपटत होतं.
आवाज येईपर्यंत
आम्ही दोघंही बोललो नाही.